हिऱ्याची जवारी

जुन्या घराचा माळा साफ करताना ग्रामोफोन निघाला, की त्याच्या आसपास पत्र्याची एक चपटी डबीही निघते. झाकणावर कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा आणि आत गंजलेल्या पोलादी सुया. एका डबीत साधारण दोनशे सुया येत. आपल्याकडे त्यांना पिना म्हणत. तेच तेच बोलत राहणाऱ्या माणसाची ‘पिन अडकली’, असे आपण म्हणतो ते याच पिनेवरून. तबकडीची एक बाजू वाजवून झाली की पिन टाकून द्या, अशी कंपन्यांची स्पष्ट सूचना असे. आपल्या लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही. एका पिनेवर चार-सहा बाजू सहज काढल्या जात. त्या काटकसरीची किंमत तबकड्यांनी मोजली, आणि त्यांतून गाणे वर काढू पाहणारे संग्राहक ती अजून मोजत आहेत.

या पिनेच्या वंशावळीत मी शिरलो तो मामांमुळे. मामा सांगलीचे, बँकेतून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि त्यांचा टर्नटेबल, तीनेकशे एलपी आणि एक वही माझ्याकडे आली. टर्नटेबलच्या दांडीला जपानी डेनॉन कंपनीचे डीएल-१०३ हे कार्ट्रिज होते. कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेली ती नखाएवढी डबी, जी सुईच्या थरथरीची वीज करते. वहीत प्रत्येक वाजवलेल्या बाजूसाठी एक उभी रेघ आणि पाचवी रेघ आडवी. तासाला तीन बाजू धरल्या तर हजार तासांच्या तीन हजार बाजू होतात. मामांच्या रेघा दोन हजार आठशेच्या पुढे जाऊन थांबल्या होत्या. शेवटची पाने कोरी. मामांनी ऐकणे थांबवले नव्हते, मोजणे थांबवले होते. पहिलीच एलपी लावली, तर ‘स’ आणि ‘श’ फाटत होते, आणि गवई तारसप्तकात गेला की आवाजाला कागद फाटल्यासारखी कड येत होती. सुई बदलायला हवी होती. ती बदलता येत नाही, हे मला तेव्हा कळले.

का येत नाही, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. दहा वर्षांनी एमिल बर्लिनरने सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात उतरला, गौहरजानसारख्या कलावंतांचे गाणे त्याने मुद्रित केले, आणि त्याच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून परत इथे विकायला आल्या. यात एक गंमत आहे. ज्या लाखेच्या त्या तबकड्या होत्या, ती लाख मुख्यतः आपलीच. छोटा नागपूरच्या रानात पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्यांची. कच्चा माल इथून गेला आणि गाणे भरून परत आला.

पण तबकडीत निव्वळ लाख नसे. तिच्यात दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळलेली असे, आणि ती नुसती पैसे वाचवण्यासाठी नव्हती. त्या काळी साउंडबॉक्सचे शंभर ग्रॅमहून जास्त वजन एका टोकावर पेलले जाई. कारखान्यातून आलेल्या सुईचे टोक खाचेत नीट बसत नसे. तेव्हा तबकडीनेच सुईला घासावे, पहिल्या काही फेऱ्यांत तिला आपल्या खाचेच्या आकाराची करून घ्यावे आणि मग गाणे सुरू व्हावे, अशी ती योजना होती. सुई झिजणे हा दोष नव्हता, ते तिचे कामच होते. झिजत झिजत बाजू संपेपर्यंत तिच्या टोकाला धारदार कडा येत. दुसऱ्या बाजूला तीच सुई लावली, की त्या कडा खाचेची भिंत तासत. म्हणून ‘एका बाजूला एक सुई’.

या व्यवस्थेत सुईने मरायचे आणि तबकडीने जगायचे, हे ठरलेले होते. काही शौकिनांना तेवढेही पुरत नसे. त्यांनी बांबूच्या आणि निवडुंगाच्या काट्यांच्या सुया वापरल्या. त्या आवाजाला मवाळ, तबकडीवर माया करणाऱ्या, आणि दर वेळी छाटून पुन्हा टोक काढावे लागे. एडिसनने १९१२ मध्ये उलट टोक गाठले. त्याने आपल्या जाडजूड ‘डायमंड डिस्क’साठी कायमचा हिरा बसवला, सुई बदलण्याची कटकटच नको. त्याच्या तबकड्यांची खाच खोलीत वरखाली होणारी, इतरांची डावी-उजवीकडे हलणारी. त्यामुळे त्याचा हिरा त्याच्याच घरात राहिला आणि १९२९ मध्ये तो धंदाच त्याने गुंडाळला.

हिऱ्याचे खरे दिवस आले ते महायुद्धानंतर. युद्धात पूर्वेकडचे समुद्री मार्ग धोक्यात आले, १९४२ साली अमेरिकेत तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर निर्बंध आले, आणि सैनिकांसाठीच्या तबकड्यांत व्हिनाइल आले. जून १९४८ मध्ये कोलंबियाने मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची एलपी बाजारात आणली. (हा एक तृतीयांश लिहिताना आमच्या पिढीतला प्रत्येकजण एकदा तरी चुकला आहे.) नव्या खाचेची रुंदी जुनीच्या साधारण एक तृतीयांश. जुन्या सुईच्या टोकाची त्रिज्या पंचाहत्तर मायक्रॉनच्या आसपास असे; नव्या सुईची पंचवीस. दहा वर्षांनी स्टिरिओ आला तेव्हा ती आणखी कमी झाली. व्हिनाइलमध्ये दगडाची पूड नव्हती, ते मऊ आणि शांत होते. आता सुईला झिजवून आकार देण्याची सोय उरली नाही. तिने आधीच घडवून, पॉलिश करून यायला हवे होते आणि तसेच टिकायला हवे होते. प्रथम नीलम वापरला गेला, तो काही डझन तासांत सपाट होई. मग हिरा.

हिरा पाचशे ते हजार तास चालतो, असे म्हणतात. मी एकदा कागदावर हिशेब केला. हजार तासांत तबकडीचे वीस लाख फेरे होतात. खाचेचा सरासरी घेर त्रेसष्ट सेंटिमीटर धरला, तर ते टोक साडेबाराशे किलोमीटरांहून अधिक घासत जाते. मुंबईहून निघालेली गाडी दिल्लीच्या थोडी अलीकडे थांबावी, एवढे अंतर. त्यावर वजन फक्त दोन-अडीच ग्रॅम, पण टेकण्याची जागा इतकी सूक्ष्म की दाब चौरस सेंटिमीटरला हजारो किलो भरतो. वाटेत धूळ आहे, आणि धुळीत वाळूचे कण आहेत. हिरा झिजतो, फक्त पोलादापेक्षा फार सावकाश. त्यामुळे तो कधी झिजला हे कळत नाही. पोलादी पिन तीन मिनिटांत मरायची, तिच्या मरणाला मुहूर्त होता. हिऱ्याला तो नाही. रोज ऐकणाऱ्याचा कान रोजच्या बिघाडाशी जुळवून घेतो. १९५०-६० च्या दशकांत परदेशी रेकॉर्डच्या दुकानांत सुई तपासायला सूक्ष्मदर्शक ठेवत, ते म्हणूनच.

आता सुई का बदलता येत नाही ते. सुई एका बारीक पोकळ दांडीच्या टोकावर असते. ती थरथरली की दांडीचे दुसरे टोकही थरथरते. त्या टोकाला चिमुकले लोहचुंबक बसवले आणि तारेची वेटोळी डबीत स्थिर ठेवली, तर ते ‘मूव्हिंग मॅग्नेट’. यात दांडी, सुई आणि चुंबक मिळून एक सुटा भाग होतो. तो नखाने ओढून काढा, नवा सरकवा, काम झाले. शिकागोच्या शुअर कंपनीचे १९६४ मध्ये आलेले व्ही-१५ हे या जातीचे नामांकित घराणे. दुसरी रचना उलटी: चुंबक स्थिर, आणि केसाहून बारीक तारेची वेटोळी दांडीच्या टोकावर. हे ‘मूव्हिंग कॉइल’. हलणारे वजन कमी, आवाजात तपशील अधिक, पण वेटोळ्याच्या तारांची टोके डबीच्या खुंट्यांना कायमची जोडलेली. दांडी ओढली की तारा तुटल्या. डेन्मार्कच्या ऑर्टोफॉनने १९४८ मध्ये या पद्धतीचे मोनो कार्ट्रिज केले, १९५९ मध्ये एसपीयू हे स्टिरिओ. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६० च्या दशकात डीएल-१०३ तयार झाले, आणि ते आजही बनते आहे. म्हणजे सर्वांत साध्या यंत्राची सुई दुकानातून आणून पोरगेही बदलू शकते. आणि ज्याने लाखभर रुपये मोजले, त्याची सुई झिजली की सगळी डबी निकामी. महागाईचा हा उलटा न्याय पचायला मला वेळ लागला.

जपानी कंपन्यांनी यावर एक तोडगा काढला आणि त्याला नाव दिले ‘सुई बदलणे’. प्रत्यक्षात सुई बदलत नाहीत. तुम्ही जुने कार्ट्रिज द्यायचे, आणि सवलतीच्या किमतीत त्याच जातीचे नवे कोरे घ्यायचे. आपल्याकडे जुनी भांडी देऊन नवी घेतात, तसेच. शब्दात दुरुस्ती, व्यवहारात बदली. आवाज मात्र तंतोतंत तोच मिळतो.

ही व्यवस्था कंपनी जिवंत असेपर्यंतची. १९८२ मध्ये सीडी आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत एकेक कारखाना या धंद्यातून उठला. बँग अँड ओलुफसेनच्या टर्नटेबलला त्यांचेच खास घाटाचे कार्ट्रिज लागे, दुसरे बसत नसे. ते बनणे थांबले तेव्हा सुरेख यंत्रे सुईअभावी मुकी झाली. शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या साउंडस्मिथ या छोट्या कारखान्याने ती नव्याने बनवायला घेतली. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजचा व्यवसायच बंद केला. व्ही-१५ वाल्यांना आज सुया पुरवणाऱ्यांत मोठे नाव जपानच्या जिकोचे. या कंपनीने १८७३ साली सुरुवात केली ती शिवणकामाच्या सुयांनी. सुई ती सुईच!

आणि मूव्हिंग कॉइलवाल्यांसाठी उभा राहिला दुरुस्तीचा धंदा. इंग्लंडमध्ये एक्स्पर्ट स्टायलससारखी घरे, युरोप-अमेरिकेत एकेकटे कारागीर. सूक्ष्मदर्शकाखाली हे काम चालते. सर्वांत सौम्य उपाय म्हणजे जुन्या दांडीवरचा झिजलेला हिरा उतरवून नवा चिकटवणे. दांडीच वाकली असेल, तर ती मुळाशी थोडी ठेवून कापतात आणि नवी जोडतात: ॲल्युमिनियमची, बोरॉनची, माणकाची किंवा नीलमाची. दांडीला मागे झोका देणारे रबर म्हातारे होऊन कडक झाले असेल, तर तेही बदलावे लागते आणि मग आतल्या तारेच्या गाठीला हात लागतो. प्रत्येक पायरीवर मूळ वस्तू थोडी कमी होत जाते. गोंदाचा थेंब जरा मोठा पडला तरी टोकाचे वजन बदलते आणि वरच्या स्वरांची चमक वेगळी लागते.

इथे मला मिरज आठवली. सांगलीहून दहा-बारा किलोमीटर. मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या तलवारी म्यान झाल्या आणि या घराण्यांनी तंबोरे, सतारी घडवायला घेतल्या. जपानमधल्या सर्वांत प्रतिष्ठित कार्ट्रिजांपैकी एकाचे नाव कोएत्सू. योशिआकी सुगानो या कारागिराने ते होनामी कोएत्सू या जुन्या कलावंतावरून ठेवले, आणि होनामी घराण्याचा पिढीजात व्यवसाय तलवारी पारखण्याचा आणि त्यांना झिलई देण्याचा. या योगायोगावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण जवारीचे काम पाहिलेल्याला कार्ट्रिजची दुरुस्ती परकी वाटणार नाही. तंबोऱ्याची तार घोडीवर वर्षानुवर्षे घासते, घोडीला खड्डा पडतो, गुंजन मरते. मग कारागीर कानस आणि पॉलिशपेपर घेऊन पृष्ठभाग पुन्हा घडवतो. किती घासायचे हे मोजपट्टी सांगत नाही. खुली जवारी हवी की बंद, हे गवई सांगतो. कारण जवारी काढल्यावर तंबोरा तोच राहतो, आवाज तोच राहीलच असे नाही. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत वाकबगार होते. आपल्या तंबोऱ्याच्या आवाजावर दुसऱ्याची मर्जी चालू न देण्याचा हा एक मार्ग असावा, असे मला वाटते.

खाँसाहेबांच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांनी एक वेगळीच गोष्ट शिकवली आहे. हजारदा वाजवलेल्या तबकडीची खाच सगळीकडे सारखी झिजत नाही. पोलादी पिन ज्या उंचीवर भिंतीला टेकली, तिथे भिंत खरवडली गेली. त्याच्या वर किंवा खाली एक पट्टा अस्पर्श राहिलेला असू शकतो. म्हणून जुन्या तबकड्यांचे पुनर्मुद्रण करणारे एका सुईवर थांबत नाहीत. टोक कापलेल्या, वेगवेगळ्या रुंदीच्या हिऱ्यांचा संचच जवळ ठेवतात, आणि एकेक लावून बघतात. एखादी सुई त्या न झिजलेल्या पट्ट्यावर बसते आणि खरखरीच्या मागून अचानक आवाज पुढे येतो. सुई लहान-मोठी करून त्याच तबकडीतून जास्त गाणे निघते, हे मला कुणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

मामांच्या कार्ट्रिजचे काय करायचे, हा प्रश्न मी महिनाभर पुढे ढकलला. सरळ हिशेबाने नवे डीएल-१०३ घेणे शहाणपणाचे होते. लाखमोलाच्या कार्ट्रिजसाठी दुरुस्ती स्वस्त पडते. डीएल-१०३ त्या मानाने गरीब घरचे, त्याची चांगली दुरुस्ती नव्याच्या किमतीला भिडते. तरी मी ते दुरुस्तीला दिले. मामांच्या हाताने लावलेले दोन स्क्रू मला दुसऱ्या डबीत नको होते. दुसरे कारण काही नाही.

ज्यांनी ते केले, त्या गृहस्थांनी आधी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवले. गोलसर टोकाच्या दोन्ही अंगांना दोन सपाट फळ्या, आणि त्यांच्या कडा पटाशीसारख्या. “तुमचे मामा गेली काही वर्षं गाणं ऐकत नव्हते, कोरत होते,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, मूळचीच ॲल्युमिनियमची दांडी ठेवून गोल हिरा बसवू की माणकाची दांडी आणि लंबगोल हिरा? जुनी दांडी जराशी वाकलीही होती. मी माणूक म्हटले.

सहा आठवड्यांनी ते परत आले. अडीच ग्रॅमवर वजन लावले, कोन जुळवला, आणि मामांनी सर्वांत जास्त वाजवलेली मल्लिकार्जुन मन्सूरांची एलपी ठेवली. ती या दुरुस्तीची खरी परीक्षा होती, कारण कोरली गेली असेल तर हीच. फाटणे पूर्ण गेले नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, खाच जिथे आत आत आखूड होत जाते, तिथे ते आहे आणि राहील. व्हिनाइल पुन्हा उगवत नाही. पण निम्म्याहून जास्त नाहीसे झाले होते. लंबगोल हिरा भिंतीला जुन्या हिऱ्यापेक्षा वेगळ्या जागी टेकत होता. मन्सूरांच्या तानेतला एकेक स्वर सुटा, मोत्यासारखा लागत होता. मी खुश होतो.

मामी शेजारच्या खोलीतून आल्या, बाजू संपेपर्यंत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “छान लागतंय रे. पण हा ह्यांचा आवाज नाही. ह्यांचा जरा जाड होता, उबदार.”

त्यांचे खरे होते. माणकाची दांडी ॲल्युमिनियमहून ताठ, वरचे स्वर उजळ करणारी. गोल टोकाचा तो भरीव, थोडा सुस्त सूर कापलेल्या दांडीबरोबरच गेला होता. डबी मामांची राहिली, आवाज गेला. दुकानातून नवे आणले असते तर डबी गेली असती आणि आवाज राहिला असता. हे मला कागदावर कळत होते, मामींनी ते कानाने ओळखले.

पुढच्या महिन्यात मी नवे डीएल-१०३ घेतलेच. दांडीचे टोक काढता-घालता येते, त्यामुळे आता दोन्ही तयार असतात. झिजलेल्या, कोरल्या गेलेल्या एलपींना दुरुस्त केलेले. मामी घरी असल्या की नवे. वहीत मी दोन रकाने आखले आहेत आणि रेघा ओढतो. मामींच्या रकान्यात आजपर्यंत एकशे चौदा.